धाप लागली की वयावर ढकलू नका

आम्ही बेल्ह्याच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. आज हृदयाबद्दल बोलायचं आहे. हातातलं काम चालू ठेवा, भाकरी थापत असाल तर थापा, पण कान इकडं असू द्या. कारण आज माहितीबरोबर आम्हाला आमची एक चूकही सांगायची आहे.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही सातजणी कांद्याच्या कामाला जात होतो. उन्हाळी कांद्याचं काम तुम्हाला काय सांगायचं! पात कापायची, निवडायचा, पाट्या भरायच्या आणि चाळीत नेऊन टाकायच्या. आमच्यातली एक जण, तिला आपण आक्का म्हणू, वय बावन्न. आदल्या वर्षापर्यंत आमच्यात सगळ्यात चपळ तीच होती. यंदा मात्र पाटी घेऊन दहा पावलं गेली की थांबायची. कमरेवर हात ठेवून श्वास घ्यायची. आम्ही काय म्हणालो? "आक्का, वय झालं आता, दमानं घ्या." तीही हसायची आणि म्हणायची, "हो गं, वयच झालं."

पुढं तिच्या पायांवर संध्याकाळी सूज दिसायला लागली. आम्ही म्हणालो, दिवसभर उकिडवं बसून असं होतं. रात्री आडवं झालं की तिला गुदमरायचं, म्हणून ती दोन उशा घेऊन टेकून झोपायची. ती म्हणायची गॅस आहे, आम्ही म्हणालो ओवा खा. असे तीन महिने गेले. श्रावणात एका रात्री ती उठून बसली आणि तिला श्वासच पुरेना. सुनेनं १०८ ला फोन लावला म्हणून ती वाचली.

दवाखान्यात तिच्या हृदयाची सोनोग्राफी झाली, तिला इको म्हणतात. हृदय मोठं झालं होतं आणि त्याची रक्त ढकलायची ताकद कमी झाली होती. मग डॉक्टरांनी तिला विचारलं, "माहेरी कुणाला हृदयाचा त्रास होता का?" तेव्हा कुठं आक्काला आठवलं. वडील पन्नाशीच्या आत बांधावर बसल्या बसल्या गेले होते. थोरला भाऊ झोपेतच गेला. इतक्या वर्षांत या दोन गोष्टींची सांगड कुणी घातली नव्हती. एकाचं म्हणे ऊन लागलं आणि दुसऱ्याचं नशीब.

आक्का आता गोळ्या घेते, बरी आहे, हलकं काम करते. पण डॉक्टर म्हणाले ते आमच्या मनातून जात नाही. आधी आली असती तर हृदय इतकं थकलं नसतं. त्या तीन महिन्यांत तिला "वय झालं" असं सांगणाऱ्या आम्हीच होतो, मैत्रिणींनो. म्हणून हे भाषण.

मग आम्हाला प्रश्न पडला. पन्नास वर्षं बिनबोभाट चाललेलं हृदय अचानक का थकतं? आणि वय झालं म्हणजे हृदयात नेमकं होतं तरी काय? आम्ही विचारत गेलो, वाचत गेलो. उत्तर सापडलं ते हृदयाच्या पेशींमधल्या प्रथिनांपाशी.

प्रथिनं म्हटलं की आपल्याला डाळ, मटकी, अंडी आठवतात. ती खाण्यातली प्रथिनं. पोटात गेली की त्यांचे बारीक तुकडे होतात. ते तुकडे रक्तातून पेशींपर्यंत जातात आणि प्रत्येक पेशी त्यांतून स्वतःला हवी ती प्रथिनं नव्यानं जोडते. जुनं घर पाडून त्याच विटांनी गोठा बांधावा तसं. म्हणजे पेशीतलं प्रथिन ही खायची वस्तू नाही, ते पेशीतलं अवजार आहे. कुणी ओढायचं काम करतं, कुणी धरायचं, कुणी साफसफाईचं.

हृदय म्हणजे मूठभर आकाराचा स्नायू. दिवसाला साधारण एक लाख वेळा तो आवळतो आणि सैल होतो. तो आवळतो कसा? विहिरीतून पोहरा काढताना आपण दोर हातावर हात टाकून ओढतो ना, तसंच. हृदयाच्या पेशीत ॲक्टिन नावाचं प्रथिन असतं, तो दोर समजा. मायोसिन नावाचं दुसरं प्रथिन असतं, ते हात समजा. लाखो हात एकाच वेळी दोर ओढतात, तेव्हा हृदयाचा एक ठोका पडतो.

पण चारजणी मिळून दोर ओढायचा असला, तर एकीनं "आता ओढा, आता सोडा" म्हणावं लागतं. नाहीतर कुणी आधी ओढतं, कुणी नंतर, आणि सगळ्याच दमतात. हृदयात हे काम करणाऱ्यांत एक तिसरं प्रथिन आहे. त्याचं नाव मायोसिन बाइंडिंग प्रोटीन सी. नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल. आपण त्याला ताल धरणारं प्रथिन म्हणू. त्याची गोष्ट आपल्या देशाशी जोडलेली आहे, ती पुढं सांगतो.

आधी एक महत्त्वाची गोष्ट. आपली कातडी सोलवटली तर नवी येते. रक्ताच्या पेशी मरतात आणि नव्या तयार होतात. हृदयाचं तसं नाही. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००९ साली दाखवून दिलं की विशी-पंचविशीत हृदयाच्या स्नायूतल्या शंभर पेशींमागं वर्षाला साधारण एकच नवी होते, आणि पंचाहत्तरीला ते प्रमाण निम्म्याहूनही कमी होतं. म्हणजे जन्मभरात हृदयाच्या निम्म्या पेशीही बदलत नाहीत. तुमच्या लग्नात धडधडलेल्या हृदयातल्या बहुतेक पेशी आजही त्याच आहेत.

मग त्या टिकतात कशा? पेशी तीच राहते, पण तिच्यातली प्रथिनं ती सारखी बदलत असते. झिजलेलं काढायचं आणि नवं लावायचं. काही प्रथिनं काही दिवसांत बदलतात, काही आठवड्यांत. इथं आम्हाला आमची कांद्याची चाळ आठवली. चाळ तीच असते, पण आतला कांदा सारखा निवडावा लागतो. एक सडका राहिला तर शेजारचे दहा घेऊन जातो. पेशीही असंच निवडते. बिघडलेल्या प्रथिनाला ती एक खूण चिकटवते, तिचं नाव युबिक्विटिन. खूण लागलेलं प्रथिन पिंपासारख्या एका बारीक यंत्रात जातं आणि तिथं त्याचे तुकडे होतात. ही खूण कशी लावली जाते हे शोधणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २००४ सालचं नोबेल मिळालं. मोठा कचरा असला तर पेशी त्याभोवती पिशवी तयार करते, आतलं सगळं विरघळवते आणि त्यातलं कामाचं परत वापरते. शेणाचा उकिरडा होतो आणि उकिरड्याचं खत, तसं. त्या कामासाठी जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ सालचं नोबेल मिळालं.

वय होणं म्हणजे हृदयापुरतं बोलायचं तर बरंचसं हेच. निवडणारे हात मंद होतात. तरुणपणी सडका कांदा लगेच बाहेर जातो. पन्नाशीनंतर तो आत रेंगाळतो, साठतो आणि बाकीच्यांच्या कामात अडथळा आणतो.

आता ताल धरणाऱ्या प्रथिनाची गोष्ट. हैदराबादला सीसीएमबी नावाची सरकारी संशोधन संस्था आहे. पेशींचा अभ्यास हेच तिचं काम. तिथले डॉ. कुमारसामी थंगराज, मदुराईचे डॉ. पेरुंदुराई धंडपाणी आणि देश-परदेशांतले त्यांचे सहकारी यांनी जानेवारी २००९ मध्ये एक शोध जाहीर केला. प्रत्येक पेशीत कुठलं प्रथिन कसं करायचं याची लिहून ठेवलेली कृती असते. तिला जनुक म्हणतात. कृतीची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. ताल धरणाऱ्या प्रथिनाच्या कृतीतली पंचवीस अक्षरं काही लोकांत गळालेली आहेत. हा दोष आधी दोन भारतीय कुटुंबांत दिसला होता. या शास्त्रज्ञांनी देशभर पाहिलं, तेव्हा तो शंभरातल्या सुमारे चार जणांत निघाला. हृदय कमजोर झालेल्या रोग्यांत तो निरोग्यांपेक्षा कितीतरी जास्त आढळला. हा दोष असेल तर हृदय कमजोर होण्याचा धोका साधारण सात पट असतो, असं त्या अभ्यासात निघालं.

शंभरात चार. म्हणजे सोमवारच्या बाजाराला बेल्ह्यात हजार माणसं जमली, तर या हिशेबानं त्यातल्या चाळीस जणांत हा दोष असू शकतो. त्यांना ते माहीतही नसतं.

आणि इथंच वयाचा संबंध येतो. शास्त्रज्ञांचं म्हणणं असं, की तरुणपणी पेशी हे बिघडलेलं प्रथिन ओळखते आणि लगेच मोडून टाकते. माणूस ठणठणीत असतो. पाटी उचलतो, गड चढतो. वय वाढतं तशी साफसफाई मंदावते, बिघडलेलं प्रथिन साठत जातं आणि चाळिशी-पन्नाशीनंतर हृदय थकायला लागतं. दोष जन्मापासूनचा, त्रास उतारवयातला.

मग असा दोष इतक्या लोकांत टिकला कसा? हा बदल सुमारे ३३ हजार वर्षांपूर्वीचा असावा, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्रास सुरू होतो तोवर लेकरंबाळं झालेली असतात. दोष पुढच्या पिढीत गेलेला असतो. आईत किंवा वडिलांत एक प्रत सदोष असेल, तर प्रत्येक मुलाला ती मिळण्याची शक्यता निम्मी. मुलगा असो की मुलगी, हिशेब तोच. म्हणून "हा बाईमाणसाचा आजार नाही" हे मनातून काढून टाका.

घाबरू मात्र नका. आमच्या गटात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोघीजणींनी लगेच छातीवर हात ठेवला होता! हा दोष असलेले पुष्कळ लोक शेवटपर्यंत बरे राहतात. पुढच्या अभ्यासांतही धोका सगळ्यांना सारखा नाही असंच दिसलं आहे. आक्काला हाच दोष आहे असंही आम्ही म्हणत नाही. तिची जनुकांची तपासणी झालेली नाही, आणि हृदय कमजोर व्हायला इतरही कारणं असतात. वाढलेलं बीपी, साखर, आधी येऊन गेलेला झटका, झडपांचा आजार. सांगायचं ते एवढंच, की "वय झालं" या दोन शब्दांच्या आत खरंखुरं काहीतरी घडत असतं. ते तपासता येतं, आणि लवकर कळलं तर त्यावर औषध असतं.

आता काही गैरसमज. पहिला, हार्ट फेल म्हणजे हृदय बंद पडणं. तसं नाही. हृदय चालू असतं, पण शरीराला पुरेल इतकं रक्त ढकलू शकत नाही. म्हणून धाप लागते, पाय सुजतात, आडवं झालं की गुदमरतं. योग्य औषधांनी माणसं वर्षानुवर्षं चांगली जगतात.

दुसरा, प्रोटीनची पावडर घेतली की हृदयाची प्रथिनं सुधारतात. खाल्लेल्या प्रथिनांच्या विटा होतात हे मघाशी सांगितलं. विटा पुरेशा हव्यात हे खरं. त्या बाजरीची भाकरी आणि डाळ, मटकीची उसळ, हुलग्याची शेंगोळी, शेंगदाणे, दूध, अंडी यांतून मिळतात. धान्य आणि कडधान्य एकत्र खाल्लं की एकातली उणीव दुसरं भरून काढतं. बाया सगळ्यात शेवटी जेवतात आणि कालवणाच्या तळाशी नुसतं पाणी उरतं, खरी अडचण ती आहे. पावडरीवर पैसे घालण्याआधी आपल्या ताटात डाळ पडते का ते बघा.

तिसरा, उपवासानं पेशी साफ होतात आणि त्यालाच नोबेल मिळालं, असं मोबाइलवर फिरतं. ओसुमींनी अभ्यास केला तो यीस्टचा, म्हणजे किण्वाचा, ज्यानं पाव फुगतो. उपाशी ठेवलेल्या किण्वात पेशी आपलाच कचरा कसा वापरते ते त्यांनी शोधलं. आपला साबुदाण्याच्या खिचडीचा आणि तळलेल्या वेफर्सचा उपवास ही वेगळीच गोष्ट. श्रद्धेनं करायचा तर करा, पण हृदयाचं औषध म्हणून नको. साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको.

मग हृदयातल्या निवडणाऱ्या हातांना मदत कशानं होते? चालण्यानं आणि कष्टानं. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे की व्यायामानं हृदयाच्या आणि इतर स्नायूंच्या पेशींतली साफसफाई वाढते. माणसांत हृदयासाठी व्यायाम चांगला हे तर फार पूर्वीपासून माहीत आहे. रानात जाणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको. पण ज्यांचं रान सुटलं, ज्या दिवसभर दुकानात किंवा मशीनवर बसतात, त्यांनी रोज अर्धा तास झपाझप चालावं. आधीच धाप लागत असेल तर मात्र आधी तपासणी आणि मग चालणं.

हृदयावरचं ओझं कमी करा. बीपी वाढलं की प्रत्येक ठोक्याला दोर जास्त जोरानं ओढावा लागतो. एक लाख ठोके रोज! त्या ताणानं हृदयाची भिंत जाड होते आणि पुढं थकते. बीपीचा वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या पुढं वारंवार येत असेल, तर गोळी सुरू करायची का हे डॉक्टरांना विचारा, आणि सुरू केली तर बरं वाटलं म्हणून सोडू नका. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे चहाचा एक चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, खर्डा सगळं आलं.

आणि मिश्री. हसू नका, आमच्यातल्याच तिघी लावतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. हिरडीतून तो थेट रक्तात जातो आणि हृदयाला जड होतो. चुलीचा धूरही तसाच. मासिक पाळी गेल्यावर बाईच्या हृदयाला असलेलं नैसर्गिक संरक्षण कमी होतं, तेव्हा पन्नाशीनंतर या गोष्टी जास्तच सांभाळायच्या.

आणखी एक प्रथिन लक्षात ठेवा, ट्रोपोनिन. हेही हृदयाच्या स्नायूतलंच. हृदयाला इजा झाली की ते पेशीतून रक्तात सांडतं. म्हणून झटक्याचा संशय आला की ईसीजीबरोबर रक्तातलं ट्रोपोनिन तपासतात. ते वाढायला काही तास लागू शकतात, म्हणून कधी कधी तीच तपासणी पुन्हा करतात. "एकदा झाली ना, परत कशाला" असं म्हणून घरी निघून येऊ नका. झटका आला की बाईला छातीत कळ येतेच, पण कधी कधी ती फारशी जाणवत नाही. दम लागतो, जबडा, पाठ किंवा हात दुखतो, मळमळतं, गार घाम फुटतो, हातपाय गळून जातात. आपण म्हणतो पित्त झालं, आणि लिंबू-सोडा पितो. असं अचानक झालं तर सोडा पिऊन वाट बघू नका, १०८ ला फोन करा.

आता धापेकडे येतो. धाप म्हणजे हृदयच असं नाही. रक्त कमी असेल, दमा असेल, तरी धाप लागते. पण कारण शोधायचं डॉक्टरांनी, आपण बांधावर बसून नाही. आपली तुलना शेजारणीशी करू नका, स्वतःशीच करा. गेल्या वर्षी लेण्याद्रीच्या त्या सुमारे तीनशे पायऱ्या एकदा बसून चढलात आणि यंदा चार वेळा बसावं लागलं, तर ते सांगण्यासारखं आहे. गेल्या वर्षी एका उशीवर झोपत होतात आणि आता दोन लागतात, तेही सांगण्यासारखं. चपलेचा पट्टा संध्याकाळी रुततो, तेही.

कुठं जायचं? तीस वर्षांवरच्या प्रत्येकीचं बीपी आणि साखर उपकेंद्रात फुकट तपासतात. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात, तेव्हा "काही नाही, बरं आहे" म्हणून त्यांना परत पाठवू नका. पुढची तपासणी लागली तर प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी मिळते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाचे बरेच उपचार बसतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांनाच विचारा.

शेवटी एक काम देतो, आम्ही आमच्या गटात ते केलं आहे. हजेरीच्या वहीत मागच्या पानावर प्रत्येकीनं माहेरचं लिहिलं. आई, वडील, भाऊ, बहिणी, चुलते, मामा, मावश्या. कोण हृदयानं गेलं, कोण अचानक गेलं, किती वयाला. सासरचं आपल्याला तोंडपाठ असतं, पण आपलं हृदय माहेराहून आलेलं असतं. एकवीस जणींत चौघींच्या पानावर साठीच्या आत अचानक गेलेलं कुणी ना कुणी निघालं. त्या चौघी एकाच गाडीनं जाऊन तपासून आल्या. तिघींचं ठीक आहे. एकीचं बीपी वाढलेलं निघालं, तिला गोळी सुरू झाली. ते पान आता प्रत्येकीनं आपल्या लेकीलाही दिलं आहे, कारण लेकीचं निम्मं माहेर म्हणजे आपणच.

आक्का या महिन्याच्या बैठकीला आली होती. पायऱ्या हळूहळू चढली आणि वर येऊन म्हणाली, "आता मला कुणी वय झालं म्हणालं, की मी विचारते, तू डॉक्टर आहेस का गं?" आम्ही सगळ्या हसलो, आणि आमच्या जिवाला लागलंही.

तेव्हा मैत्रिणींनो, कामावर शेजारची थांबली, तर "वय झालं" म्हणू नका. तिला विचारा, "कधीपासून होतंय?" आणि तिच्याबरोबर दवाखान्यात जा.